लाभांशाविना भागधारक

शहराच्या अंदाजपत्रकात क्रीडांगणाचा क्रम बहुधा शेवटचा असतो. पाणीपुरवठा, रस्ते, सांडपाणी, शाळा आणि रुग्णालये यांची तरतूद झाल्यावर काही शिल्लक उरलीच, तर मैदानाचा विचार होतो. या क्रमात गैर काही नाही. तहानलेल्याला आधी पाणीच द्यावे लागते. परंतु त्यामुळे एक प्रश्न वर्षानुवर्षे अनुत्तरित राहतो. हजारो प्रेक्षकांना सामावून घेणारे आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे स्टेडियम शहराला हवे असेल, तर ते बांधायचे कोणी, त्यासाठी पैसा आणायचा कोठून आणि बांधून झाल्यावर ते कोणाचे म्हणायचे?

महाराष्ट्राने या प्रश्नाची तीन निरनिराळी उत्तरे पाहिली आहेत. कोल्हापूरचे खासबाग मैदान राजर्षी शाहू महाराजांनी उभारले. १९१२ साली ते पूर्ण झाले आणि कुस्तीच्या आखाड्याभोवती हजारो सामान्य माणसे बसू लागली. कुस्तीवर जीव असलेल्या राजाने प्रजेला दिलेले ते दान होते. मुंबईतील ब्रेबॉर्न स्टेडियम १९३७ साली खुले झाले. समुद्रात भर घालून मिळवलेल्या जमिनीवर, सभासदांच्या व धनिकांच्या पैशातून क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने ते बांधले. पुण्यातील बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडासंकुल राज्य शासनाने १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने उभे केले. राजा, क्लब आणि शासन, असे हे तीन कर्ते.

तिन्हींचे उपकार मोठे आहेत. पण तिन्हींच्या मर्यादाही उघड आहेत. राजे पुन्हा होत नाहीत. शासनाचा उत्साह स्पर्धेच्या तारखेशी बांधलेला असतो आणि स्पर्धा आटोपल्यावर देखभालीचा खर्च कोणाच्या शीर्षाखाली टाकायचा, यावर फायली फिरत राहतात. क्लबचे स्टेडियम शेवटी क्लबच्या सभासदांचे असते. ब्रेबॉर्नच्या बाबतीत हे फार ठळकपणे दिसले. सामन्यांच्या वेळी कोणाला किती जागा मिळाव्यात, यावरून क्रिकेट क्लब आणि त्या काळची बॉम्बे क्रिकेट असोसिएशन यांच्यात इतके बिनसले, की असोसिएशनने अध्यक्ष शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने स्वतःचे वेगळे स्टेडियम बांधायला घेतले. साधारण वर्षभराच्या कालावधीत ते उभे राहिले आणि जानेवारी १९७५ मध्ये तेथे वेस्ट इंडीजविरुद्ध पहिला कसोटी सामना झाला. परिणामी, जमिनीची इतकी टंचाई असलेल्या मुंबईत एकमेकांपासून एक किलोमीटरच्याही आत दोन मोठी क्रिकेट स्टेडियमे उभी आहेत. मालक एक आणि वापरणारा दुसरा असेल व दोघांमधील करार सैल असेल, तर समाजाला त्याची केवढी किंमत मोजावी लागते, याचे हे कायमचे उदाहरण आहे.

चौथे उत्तरही जगात अस्तित्वात आहे. स्टेडियम बांधणारा आणि त्यात खेळणाऱ्या संघाचा मालक लोकसमुदायच असावा, हे ते उत्तर. ऐकायला ते भाबडे वाटते. परंतु अमेरिकेसारख्या, प्रत्येक गोष्टीचा बाजारभाव ठरवणाऱ्या देशात एका लहानशा शहराने ते १०० वर्षे चालवून दाखवले आहे. त्याचे हिशेब उपलब्ध आहेत आणि समाजाच्या संस्था चालवणाऱ्या प्रत्येकाने ते पाहावेत, असे आहेत.

एका लहान शहराची गोष्ट

ग्रीन बे हे विस्कॉन्सिन राज्यातील शहर. लोकसंख्या आजही अवघी १ लाख ७ हजारांच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्रातील एखाद्या मध्यम नगरपालिकेएवढी. हिवाळा कडक, मोठे उद्योग मोजके. १९१९ साली कर्ली लॅम्बो या तरुणाने आणि जॉर्ज कॅलहून या पत्रकाराने येथे अमेरिकन पद्धतीच्या, म्हणजे लंबगोल चेंडूच्या फुटबॉलचा एक संघ काढला. खेळाडूंच्या गणवेशासाठी लॅम्बो ज्या कंपनीत नोकरी करत होता, तिने ५०० डॉलर दिले. ती कंपनी मांस डबाबंद करणारी होती; तिच्या व्यवसायावरून संघाला 'पॅकर्स' हे नाव पडले. जैन वाचकाला हा तपशील रुचणारा नाही. परंतु इतिहास आपल्या रुचीप्रमाणे बदलता येत नाही. कंपनी पुढे विकली गेली, विस्मृतीत गेली. संघ मात्र टिकला आणि आज देशातील सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस अशा महानगरांच्या संघांशी बरोबरीने खेळतो. त्या लीगमधील बाकी सर्व संघ धनाढ्य व्यक्तींच्या किंवा कुटुंबांच्या मालकीचे आहेत. ग्रीन बेचा संघ तेवढा लोकांच्या मालकीचा आहे.

हे कोणी तत्त्वज्ञान म्हणून ठरवले नव्हते. संघ कर्जात बुडत होता, म्हणून १९२३ साली गावातील व्यापारी, वकील, डॉक्टर आणि वृत्तपत्र चालवणारे गृहस्थ एकत्र आले. त्यांनी ना-नफा तत्त्वावर एक कंपनी नोंदवली आणि प्रत्येकी ५ डॉलरचे १,००० समभाग विक्रीस काढले. अट अशी, की समभाग घेणाऱ्याने किमान ६ हंगामी तिकिटेही घ्यायची. म्हणजे भांडवलासोबत ग्राहकही बांधून घेतला. व्यवहारचातुर्य म्हणतात ते हेच.

त्या कंपनीच्या नियमावलीतील दोन तरतुदी आजच्या वाचकाने लक्षपूर्वक वाचाव्यात. पहिली अशी, की भागधारकाला लाभांश कधीही मिळणार नाही. दुसरी अशी, की कंपनी कधी विकली गेलीच, तर देणी फेडून उरणारी सारी रक्कम माजी सैनिकांच्या स्थानिक संघटनेला, सैनिकांचे योग्य स्मारक उभारण्यासाठी जाईल. या दुसऱ्या तरतुदीचे महत्त्व त्या वेळी कदाचित फारसे कोणाच्या लक्षात आले नसेल. परंतु संघाची किंमत पुढे कोट्यवधी डॉलर झाली, तेव्हा हीच तरतूद तटबंदीसारखी उभी राहिली. विकून कोणाच्याही खिशात एक पैसा जाणार नसेल, तर विकण्याचा मोह होणार कोणाला? १९९७ साली स्मारकाच्या जागी एका धर्मादाय प्रतिष्ठानाचे नाव घालण्यात आले. तत्त्व मात्र तेच राहिले.

तीन संकटे

संस्था चांगल्या हेतूने स्थापन झाली म्हणजे तिच्यावर संकटे येत नाहीत, असे नाही. ग्रीन बेवर ती वारंवार आली आणि प्रत्येक वेळी वेगळ्या दिशेने आली.

१९३१ साली एक प्रेक्षक स्टेडियमच्या बाकावरून खाली पडला. त्याने दावा लावला आणि न्यायालयाने त्याला ५,००० डॉलरची भरपाई मंजूर केली. संघाने विमा उतरवलेला होता. पण त्या मंदीच्या काळात विमा कंपनीच बुडाली. भरपाईचा बोजा संघावर आला आणि कारभार न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकाच्या हाती गेला. अखेर १९३५ साली गावकऱ्यांनी पुन्हा समभाग घेऊन १५,००० डॉलर उभे केले आणि संघ सोडवून घेतला. प्रेक्षकांच्या सुरक्षिततेकडे किरकोळ बाब म्हणून पाहणाऱ्या आयोजकांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. एक सैल फळी संपूर्ण संस्था खाली खेचू शकते.

दुसरे संकट १९४९-५० चे. खर्च वाढला, उत्पन्न घटले आणि संस्थापक लॅम्बोही संघ सोडून गेला. या वेळी २५ डॉलरचा एक, याप्रमाणे समभाग काढण्यात आले आणि सुमारे १ लाख १८ हजार डॉलर जमले. त्याच वेळी कोणाही एका व्यक्तीकडे २०० पेक्षा अधिक समभाग असू नयेत, अशी मर्यादा घालण्यात आली. पैशाची निकड असताना मोठ्या देणगीदाराला मोठी सत्ता नाकारणे सोपे नसते. ग्रीन बेने ते केले, म्हणून तेथे पुढेही कोणी एक 'शेठ' निर्माण झाला नाही.

तिसरे संकट खुद्द स्टेडियमचे. १९२५ पासून संघ एका शाळेमागच्या लाकडी स्टेडियममध्ये खेळत असे. सोयी इतक्या तोकड्या होत्या, की पाहुणे संघ अनेकदा हॉटेलातच कपडे बदलून येत. मिलवॉकी या जवळच्या मोठ्या शहरात १९५३ साली नवे, प्रशस्त स्टेडियम तयार झाले होते आणि ग्रीन बेचा संघ आपले काही सामने पूर्वीपासून तेथे खेळतच होता. नवे स्टेडियम झाले नाही, तर हळूहळू सगळा संघच मिलवॉकीला जाणार, हे शहराला कळून चुकले.

३ एप्रिल १९५६ रोजी नागरिकांनी मतदान केले. शहराने रोखे काढून ९ लाख ६० हजार डॉलर उभारावेत काय, असा प्रश्न होता. खर्चाचा निम्मा भार संघाने उचलावा, असे ठरले होते. मतदानाच्या तोंडावर प्रचारासाठी एक अनपेक्षित पाहुणा आला. तो म्हणजे शिकागो बेअर्स या कट्टर प्रतिस्पर्धी संघाचा मालक जॉर्ज हॅलस. शेजारचा तुल्यबळ प्रतिस्पर्धी नाहीसा झाला, तर आपल्याही खेळाची शोभा जाईल, हे त्या अनुभवी माणसाने ओळखले होते. ठरावाच्या बाजूने ११,५७५ मते पडली, विरोधात ४,८९३. शहराच्या पश्चिमेकडील शेतजमिनीच्या नैसर्गिक उताराचा उपयोग करून प्रेक्षकांच्या ओळी बांधण्यात आल्या, त्यामुळे खर्चही आवाक्यात राहिला. २९ सप्टेंबर १९५७ रोजी सुमारे ३२ हजार आसनांच्या या स्टेडियममध्ये पहिला सामना झाला. पाहुणा संघ हॅलस यांचाच होता आणि तो २१-१७ असा हरला. १९६५ साली लॅम्बोच्या निधनानंतर स्टेडियमला त्याचे नाव देण्यात आले. आज लॅम्बो फील्डची क्षमता ८१ हजारांहून अधिक आहे. शहराच्या प्रत्येक चार माणसांमागे तीन माणसे त्यात बसू शकतात.

बोली, नकरा आणि समभाग

यानंतरही समभागांची विक्री तीनदा झाली. १९९७-९८ मध्ये २०० डॉलरला एक या दराने सुमारे १ लाख २० हजार समभाग गेले आणि २ कोटी ४० लाख डॉलर जमले. २०११-१२ मध्ये २५० डॉलर दराने ६ कोटी डॉलरहून अधिक आणि २०२१-२२ मध्ये ३०० डॉलर दराने सुमारे साडेसहा कोटी डॉलर उभे राहिले. हा पैसा प्रामुख्याने स्टेडियमच्या विस्तारासाठी व सुधारणांसाठी आहे. भागधारकांची संख्या आता ५ लाख ३० हजारांच्या पुढे गेली आहे, म्हणजे शहराच्या लोकसंख्येच्या पाचपट.

या समभागाकडे बँकेच्या नजरेने पाहिले तर ते कर्जाला तारण म्हणूनही चालणार नाही. त्यावर लाभांश नाही. त्याची किंमत वाढत नाही. बाजारात तो विकता येत नाही. कुटुंबातील व्यक्तीला देता येतो, वारसाहक्काने जातो आणि परत करायचा झाल्यास संस्थेलाच, नाममात्र किमतीला द्यावा लागतो. त्यावर सामन्याचे तिकीटसुद्धा मिळत नाही. मिळते ते एक प्रमाणपत्र, संचालक निवडण्यासाठी मतदानाचा हक्क आणि स्टेडियममध्ये भरणाऱ्या वार्षिक सभेचे निमंत्रण. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे असा समभाग कोणी घ्यायलाच नको. तरीही लोकांनी तो लाखोंच्या संख्येने घेतला आणि प्रमाणपत्रे चौकटीत बसवून भिंतीवर लावली.

अमेरिकन अर्थतज्ज्ञाला कदाचित याचे नवल वाटेल. पर्युषणात उपाश्रयात बसलेल्या माणसाला वाटू नये. स्वप्नदर्शनाच्या वेळी किंवा प्रतिष्ठा महोत्सवात चढावे बोलले जातात, तेव्हा बोली घेणाऱ्याला आर्थिक परतावा काय मिळतो? काहीही नाही. त्याला त्या विधीचा लाभ मिळतो आणि 'लाभ' या शब्दाचा अर्थ तेथे वेगळा असतो. मोठी बोली ज्याला झेपत नाही, त्याच्यासाठी ठरावीक रकमेचा नकरा असतो. आणि ज्याला तोही झेपत नाही, तो मनापासून अनुमोदना करतो. समाजाच्या या व्यवस्थेत श्रीमंत, मध्यमवर्गीय आणि गरीब अशा तिघांसाठीही जागा आहे. ग्रीन बेचा समभाग हा एका परीने नकराच होय. रक्कम ठरलेली, सर्वांना सारखी आणि परताव्याची अपेक्षा नसलेली.

साम्य येथेच संपत नाही. श्वेतांबर परंपरेत सात क्षेत्रांची मर्यादा किती काटेकोर आहे, हे प्रत्येक संघाच्या विश्वस्ताला ठाऊक असते. देवद्रव्य हे जिनबिंब आणि जिनमंदिराच्या कार्यासाठी; ते अन्यत्र वळवता येत नाही. ज्ञानद्रव्य ज्ञानासाठी. वरच्या क्षेत्रातील द्रव्य खालच्या क्षेत्रात आणायचे नाही, हा दंडक. अडचणीच्या वर्षी एखाद्या खात्यात शिल्लक पडून असते आणि दुसऱ्या खात्यात खडखडाट असतो, तेव्हा हा नियम जाचक वाटतो. परंतु शतकानुशतके मंदिरे टिकली, त्याला कलाकुसरीइतकाच हा हिशेबी कठोरपणाही कारणीभूत आहे. ज्या द्रव्याचा हेतू आधीच ठरलेला आहे, त्यावर नंतर येणाऱ्याची इच्छा चालत नाही. ग्रीन बेच्या नियमावलीतील स्मारकाची तरतूद याच जातीची होती.

देखभालीचा पैसा

स्टेडियम बांधणे हा एकदाचा खर्च आहे. ते चालवणे हा रोजचा. गवत, दिवे, पाणी, स्वच्छतागृहे, रंगरंगोटी, पहारेकरी, विमा आणि वीजबिल यांची बेरीज दरवर्षी होत राहते. उद्घाटनाच्या दिवशी देणगीदार पुष्कळ भेटतात. दहाव्या वर्षी छताची गळती थांबवण्यासाठी देणगीदार शोधावा लागतो. कोनशिलेवर नाव कोरले जाते, पण गळती थांबवणाऱ्याचे नाव कोठे लिहायचे?

ग्रीन बेने यावर काढलेला उपाय अभ्यासण्यासारखा आहे. २००० साली स्टेडियमचे २९ कोटी ५० लाख डॉलर खर्चाचे नूतनीकरण ठरले. त्यासाठी संपूर्ण काउंटीत विक्रीकरावर अर्धा टक्का अधिभार लावायचा होता. १२ सप्टेंबर २००० रोजी मतदान झाले आणि सुमारे ५३ टक्के मतदारांनी होकार दिला. सत्तेचाळीस टक्के लोक विरोधात होते, हे विसरता येणार नाही. खेळ न पाहणाऱ्या निवृत्त शिक्षिकेने साबण विकत घेताना स्टेडियमसाठी कर का भरावा, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. त्याला उत्तर म्हणून दोन गोष्टी करण्यात आल्या. नियमित प्रेक्षकांकडून, म्हणजे हंगामी तिकीटधारकांकडून, एकरकमी शुल्क वेगळे घेण्यात आले. आणि कर कायमचा राहिला नाही. २०११ साली रोखे फिटले, त्यानंतर देखभालीसाठी पुरेसा निधी जमेपर्यंत तो चालू ठेवण्यात आला आणि सप्टेंबर २०१५ अखेर बंद झाला. एकदा लागलेला कर उठतो, हे दृश्य कोणत्याही देशात दुर्मीळ आहे.

आयंबिलशाळेत किंवा पांजरापोळीत 'कायमी तिथी' लिहिणाऱ्या कुटुंबांना हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. मूळ रक्कम जपून ठेवायची, तिच्या व्याजातून दरवर्षी त्या तिथीचा खर्च भागवायचा. आजोबांनी लिहिलेल्या तिथीला नातवाच्या काळातही आयंबिल होते. अडचण इतकीच, की महागाईमुळे जुन्या तिथींचे व्याज आता पुरत नाही आणि मूळ रकमेत भर घालण्याचे आवाहन संस्थांना करावे लागते. म्हणून मूळ निधी ठरवताना पहिल्या वर्षाचा खर्च पाहून भागत नाही. व्याजाचा काही भाग दरवर्षी पुन्हा मुद्दलात मिळवला, तरच तिथी खऱ्या अर्थाने कायमी राहते. स्टेडियमच्या निधीलाही हाच हिशेब लागू पडतो.

लोकमालकीची मर्यादा

या कथेचे गुणगान करताना एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. ग्रीन बे केवळ लोकांच्या प्रेमावर टिकलेले नाही. १९६१ पासून त्या लीगने दूरचित्रवाणीच्या राष्ट्रीय हक्कांचे उत्पन्न सर्व संघांत समान वाटण्याचे धोरण स्वीकारले. महानगराचा संघ आणि एक लाख वस्तीचा संघ यांना सारखाच वाटा मिळतो. ही वाटणी नसती, तर लोकमालकी कितीही भावपूर्ण असली तरी संघ तग धरू शकला असता की नाही, याची शंका आहे. शिवाय लीगने पुढे नियम बदलले आणि अशी लोकमालकी इतर कोणत्याही संघाला करता येणार नाही, असे ठरवले. ग्रीन बेची व्यवस्था जुनी म्हणून राहू दिली गेली. बलवंतांना हा प्रयोग पसरू द्यायचा नव्हता, असाही अर्थ यातून कोणी काढला तर तो अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही.

लोकमालकीचा आणखी एक फायदा मात्र निखळ आहे. तेथे हिशेब प्रसिद्ध होतात. इतर संघांचे धनवान मालक आपले ताळेबंद कोणाला दाखवत नाहीत. ग्रीन बेचा संघ दरवर्षी आपले उत्पन्न आणि खर्च जाहीर करतो. संपूर्ण लीगच्या अर्थकारणाचा अंदाज अभ्यासक या एका संघाच्या आकड्यांवरून बांधतात. कार्यकारिणीत सात जण असतात आणि त्यांपैकी केवळ अध्यक्षाला वेतन मिळते. बाकीचे विनामूल्य काम करतात.

धन नसेल तर श्रम

ज्यांच्याजवळ देण्यास फारसे पैसे नाहीत, त्यांनी काय करावे? याचे उत्तर दुसऱ्या एका देशात, जर्मनीत सापडते. पूर्व बर्लिनच्या कोपेनिक भागात युनियन बर्लिन हा फुटबॉल क्लब आहे. तेथील फुटबॉल आपल्याला परिचित असलेला, गोल चेंडूचा. या क्लबचे जुने स्टेडियम मोडकळीला आले होते. लोकांना उभे राहण्याच्या पायऱ्या खचल्या होत्या आणि दुरुस्तीशिवाय तेथे खेळण्याची परवानगी मिळणे कठीण झाले होते. क्लबच्या तिजोरीत पैसा नव्हता.

२००८ च्या उन्हाळ्यात क्लबच्या चाहत्यांनी स्वतःच हातात फावडी घेतली. दोन हजारांहून अधिक स्वयंसेवकांनी सुमारे वर्षभरात १ लाख ४० हजार तास विनामूल्य काम केले. सुट्टी काढून आलेले गवंडी, विजेचे कारागीर आणि कधी विटेला हात न लावलेले कारकून तेथे एकत्र राबले. ८ जुलै २००९ रोजी स्टेडियम पुन्हा सुरू झाले. बाहेर बांधकाम-मजुराच्या लाल शिरस्त्राणाच्या आकाराचे स्मारक आहे आणि त्यावर राबलेल्यांची नावे आहेत. एरवी कोनशिलेवर मंत्र्यांचे किंवा दात्याचे नाव असते. येथे मजुरी न घेतलेल्या मजुरांचे आहे. २०११ च्या अखेरीस क्लबने स्टेडियमचे समभाग प्रत्येकी ५०० युरोंना सभासदांना देऊ केले आणि एका व्यक्तीने १० पेक्षा अधिक घ्यायचे नाहीत, अशी अट घातली. ४ हजारांहून अधिक जणांनी ते घेतले. ग्रीन बेने १९५० साली ओळखलेला धोका बर्लिनच्या लोकांनीही ओळखला होता.

'श्रमदान' हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. गावतळी, शाळांच्या खोल्या, बंधारे श्रमदानातून झाले आहेत. समाजाचे भवन बांधताना मात्र देणगीच्या पावत्या फाडणे सोपे वाटते आणि तरुणांचे हात रिकामे राहतात. ज्या पायरीसाठी आपण स्वतः वाळू चाळली, तिच्यावर कोणी पान खाऊन थुंकू लागला तर माणूस गप्प बसत नाही. श्रमाची ही जपणूक पैशातून विकत मिळत नाही.

इथे काय करता येईल

एखाद्या शहरातील समाज, किंवा अनेक समाज मिळून, सर्व नागरिकांसाठी क्रीडागृह किंवा लहान स्टेडियम उभारू पाहत असतील, तर त्यांना अमेरिकेचा कायदा शोधण्याची आवश्यकता नाही. भारतीय कंपनी कायदा, २०१३ मधील कलम ८ अन्वये क्रीडा, शिक्षण, समाजकल्याण अशा हेतूंसाठी कंपनी नोंदवता येते. तिला सभासदांना लाभांश देता येत नाही. ती गुंडाळल्यास उरलेली मालमत्ता सभासदांत वाटली जात नाही. ती तत्सम उद्देशाच्या दुसऱ्या संस्थेकडे किंवा कायद्याने ठरवलेल्या निधीत जाते. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम आहेच. त्याच्या कलम ३६ नुसार विश्वस्तांना न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय विकता येत नाही. ग्रीन बेने १९२३ साली स्वतःहून घातलेले कुंपण येथे कायद्यानेच घालून ठेवले आहे.

कायदा असला तरी चार गोष्टी कार्यकर्त्यांनाच ठरवाव्या लागतील. एका कुटुंबाकडून घ्यावयाच्या रकमेला मर्यादा हवी, निदान त्या रकमेमुळे मिळणाऱ्या मताधिकाराला तरी. बांधकामाचा निधी आणि देखभालीचा निधी यांची खाती पहिल्या दिवसापासून वेगळी हवीत. मैदान कोणत्या शाळेला, कोणत्या संघाला, मुलींना कोणत्या वेळी, किती शुल्कात मिळेल, याचा करार पायाभरणीपूर्वी लेखी हवा; नाही तर प्रत्येक शहरात एक ब्रेबॉर्न आणि एक वानखेडे उभे राहील. आणि वार्षिक ताळेबंद दर्शनी फलकावर लागायला हवा, ज्यांनी ५०० रुपये दिले त्यांनाही वाचता येईल असा. या कामासाठी देवद्रव्याला हात लावता येणार नाही, हे निराळे सांगायला नको. त्यासाठी स्वतंत्र निधीच उभारावा लागेल, आणि समाजाला तो उभारता येतो.

अशा समितीची पहिली बैठक भरते, तेव्हा चर्चा बहुधा नावावरून सुरू होते. स्टेडियमला कोणाचे नाव, प्रवेशद्वाराला कोणाचे, कोनशिला कोणाच्या हस्ते. हे सारे यथावकाश ठरेल. त्या बैठकीच्या इतिवृत्तात सर्वांत आधी एक वाक्य लिहिले जावे: ही वास्तू उद्या विकली गेलीच, तर तिचा पैसा कोणाला मिळेल. ते वाक्य 'आपल्यापैकी कोणालाही नाही' असे लिहिण्याची आणि त्याखाली सह्या करण्याची ज्या समितीची तयारी असेल, तिने जमीन पाहायला निघावे.